जास्वंदीवरचा कापूस

ओळख

भाईदास आबांनी तेहतीस वर्षं लोकांना सांगितलं. काय काय सांगितलं याची यादी मोठी आहे. कपाशीवर मावा कधी येतो, तुडतुडे पानाच्या कोणत्या बाजूला बसतात, कोणतं औषध कशात मिसळू नये, फवारताना तोंड कुठल्या दिशेला असावं. पारोळा, साक्री, शिरपूर, चोपडा, जिथे बदली झाली तिथे पारावर सतरंजी अंथरली गेली आणि आबांनी सांगितलं. कृषी पर्यवेक्षक म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात एक जण म्हणाला, "साहेबांनी किडीला या तालुक्यात झोप येऊ दिली नाही."

आबांनी स्वतःच्या हातांनी काय फवारलं, याची यादी मात्र छोटी आहे. ती नाहीच.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कळलं तर आबांची कीव येईल. आत्ता कळलं तर नुसतं हसू येईल, आणि तेवढ्यावर आबांची तयारी आहे.

आबांनी आयुष्यात एकच लेखन केलं: कापसावरील किडींची एक घडीपत्रिका. चार घड्यांची, पिवळ्या कागदावर, खाली नाव छापलेली. ही गोष्टही त्याच घड्यांवर दुमडली आहे. निदान मथळे पाहून तरी आबांना घरच्यासारखं वाटावं.

तर, अमळनेरच्या एका कॉलनीत, वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत, एका जुन्या कुंडीत पुष्पाबाईंची जास्वंद होती. लाल, पाच पाकळ्यांची, कुठल्याही नर्सरीत तीस रुपयांना मिळेल अशी. पण ही नर्सरीतली नव्हती. लग्नानंतर पहिल्या क्वार्टरच्या दारात पुष्पाबाईंनी ती लावली. बदलीची ऑर्डर आली की आबा फायली बांधायचे आणि पुष्पाबाई जास्वंदीची एक फांदी कापायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि एसटीत मांडीवर घेऊन बसायच्या. अशा नऊ बदल्या झाल्या. सामान फुटलं, एकदा तर कपाटच ट्रकमधून पडलं. फांदी मात्र प्रत्येक गावी लागली. देवाला रोज एक फूल, आणि ते घरच्याच झाडाचं, हा पुष्पाबाईंचा नेम होता.

मार्च महिन्यात पुष्पाबाई तीन आठवड्यांसाठी रावेरला माहेरी निघाल्या. भावाच्या सुनेचं बाळंतपण होतं. पिशवी उचलताना त्या म्हणाल्या, "एवढं एक झाड आहे. सांभाळाल ना?"

या प्रश्नातला "ना" आबांना लागला.

"अगं, मी लाख हेक्टर सांभाळलंय," ते म्हणाले.

"लाख हेक्टर लोकांनी सांभाळलं. तुम्ही सही केली," पुष्पाबाई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

नुकसानीचा प्रकार

तिसऱ्या दिवशी जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा पुंजका दिसला.

आबांच्या कॉलनीपासून हाकेच्या अंतरावर एक जिनिंग आहे, कापसातली सरकी काढणारा कारखाना. हंगामात कापसाच्या गाड्या रस्त्यावरून जातात तेव्हा बाभळींना कापूस लागतो, विजेच्या तारांना लागतो, वाळत घातलेल्या शर्टांना लागतो. एका वर्षी आबांच्या चहात निघाला होता. मुंबईच्या माणसाने झाडावर पांढरं पाहिलं असतं तर तो घाबरला असता. आबा इथलेच. त्यांनी पंचाने झटकलं आणि पेपर वाचायला बसले.

चौथ्या दिवशी पुन्हा कापूस. पाचव्या दिवशी जास्त. आठव्या दिवशी देठांच्या बेचक्यात कापूस, पानांच्या पाठी कापूस, कळीच्या मानेला कापूस. खाली पानं चिकट झालेली आणि मुंग्यांची ये-जा सुरू. आबांनी मुंग्यांचा संबंध शेजारच्या बेबाबाईंच्या गुळाच्या डब्याशी जोडला.

रात्री आठला रावेरहून फोन आला.

"जास्वंद कशी आहे?"

"परिस्थिती नियंत्रणात आहे."

"फुलं?"

"अपेक्षित आहेत."

"फोटो पाठवा."

आबांनी मोबाईलमध्ये शोधून जास्वंदीचा चांगला फोटो पाठवला. दोन मिनिटांनी उत्तर आलं: "कुंडीजवळ पणत्या कशा?"

फोटो दिवाळीचा होता. आबांनी बराच विचार करून लिहिलं, "संध्याकाळी लावतो." पलीकडून काहीच आलं नाही. तेहतीस वर्षांत वरिष्ठांनी अशी फाईल ठेवून घेतली की मागून मेमो यायचा, हे आबांना ठाऊक होतं.

मग त्यांनी त्यांना येणारी एकमेव कृती केली. अर्ज लिहिला.

*प्रति, मा. मुख्याधिकारी साहेब, नगरपरिषद.*
*विषय: जिनिंगमधून उडणाऱ्या कापसाच्या तंतूंमुळे जास्वंदीच्या झाडास पोचणाऱ्या उपद्रवाबाबत.*
*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की, सदर तंतू झटकूनही दुसऱ्या दिवशी पूर्ववत आढळून येतात, किंबहुना ते किंचित वरच्या बाजूस सरकलेले असतात. अर्जदार स्वतः कृषी खात्यातील निवृत्त पर्यवेक्षक असल्याने सदर बाब तज्ज्ञ निरीक्षण म्हणून ग्राह्य धरावी. तरी स्थळपाहणी होऊन जिनिंगला समज देण्यात यावी. कळावे.*

"तज्ज्ञ निरीक्षण" हे दोन शब्द आबांनी अधोरेखित केले. कथेत पुढे जे काही झालं, ते त्या रेघेमुळे जास्त झोंबलं.

अर्ज देऊन आबा निर्धास्त झाले. अर्जाला उत्तर यायला तीन महिने लागतील, तोवर हंगाम संपेल, कापूस आपोआप थांबेल आणि अर्जामुळे थांबला असं सांगता येईल, असा त्यांचा सगळा हिशोब होता. पण काळ बदलला आहे. तिसऱ्याच दिवशी सकाळी दाराशी स्कूटी थांबली आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली एक तरुणी म्हणाली, "मी कामिनी. स्वच्छता निरीक्षक. आपलाच अर्ज ना, सर?"

आबांना धक्काच बसला. इतकी तत्परता त्यांनी स्वतः कधी दाखवली नव्हती.

ओळख (पुन्हा)

हा मथळा घडीपत्रिकेत एकदाच असतो. इथे दोनदा घ्यावा लागतोय.

गॅलरीत कामिनी होती, आबा होते, आणि स्कूटीचा आवाज ऐकून आलेले समोरचे प्रेमराज भाऊ होते. प्रेमराज भाऊ एसटीत कंट्रोलर होते. कुठेही चार माणसं उभी दिसली की त्यांना तिथे हजर राहावं लागतं. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे आपल्या गच्चीवर बेबाबाई ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, थापून वाळत घालत होत्या आणि अजिबात ऐकत नव्हत्या, हे त्यांच्या ताठ मानेवरून दिसत होतं.

"हा कापूस कधीपासून आहे, सर?"

"आठ दिवस. रोज झटकतो."

"आणि रोज वर सरकतो?"

"वाऱ्याने."

कामिनीने पेनच्या टोकाने एक पुंजका हळूच टोचला. पुंजका थांबला. मग त्याने बाजूने पाय काढले आणि तो देठावरून चालू लागला.

 भिंतीपलीकडे बिबडा थापायचा हात थांबला.

"सर," कामिनी अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "कापूस चालतोय."

आबांनी चष्मा पुसला. वाकले. पाहिलं. पिठ्या ढेकूण. अठरा वर्षांपूर्वी याच किडीने कपाशीत धुमाकूळ घातला तेव्हा आबांनी ऐंशी गावांत सभा घेतल्या होत्या. खडूने फळ्यावर तिचं चित्र काढलं होतं. पाय मोजून दाखवले होते.

"तुम्हाला कसं कळलं?" आबांनी विचारलं. प्रश्न कडक निघावा असं त्यांना वाटत होतं, तो जरा चिरका निघाला.

"मी पारोळ्याकडची, सर. आमच्याकडे कपाशीच. चौथीत होते तेव्हा वडिलांनी सभेतून एक पिवळं पत्रक आणलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज दप्तर काढताना समोर तेच. पाठच झालं." आणि तिने शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं: "ओळख. पांढरा, मऊ, कापसाच्या बोळ्यासारखा पुंजका. पुष्कळांना तो कापूस वाटतो. शेतकरी बंधूंनो, फसू नका."

"खाली नाव होतं?" प्रेमराज भाऊंनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. कॉलनीत ते पत्रक आबांनी स्वतः घरोघर वाटलं होतं.

"भा. सो. पाटील," कामिनी म्हणाली, मग अर्जावरच्या सहीकडे पाहिलं, आणि तिचे कान लाल झाले. ती खाली वाकून आबांच्या पाया पडली. आबांना वाटलं, यापेक्षा तिने दंड केला असता तर बरं झालं असतं.

अहवाल लिहिणं भाग होतं. तिने शक्य तितकं सांभाळून लिहिलं: *स्थळपाहणी केली. कापसाचे तंतू आढळून आले नाहीत. जे आढळून आले ते सजीव होते.* खाली अर्जदाराची सही. प्रत माहितीसाठी: जिनिंग.

दुसऱ्या दिवसापासून आबा भाजीला निघाले की जिनिंगच्या फाटकावरचा वॉचमन उभा राहून कापसाची चौकशी करू लागला, "आबा, कापूस कुठलोंग पोचना आज?"

आर्थिक नुकसानीची पातळी

कीड दिसली की लगेच फवारू नये, आधी मोजावी, हे शास्त्र आहे. शेतात तिरपं चालत जावं, वीस झाडं निवडावीत, किती झाडांवर कीड आहे ते लिहावं, ठरलेल्या पातळीच्या वर गेली तरच औषध. आबांनी वही काढली. तिरपं चालायला गॅलरी अपुरी पडली. वीस झाडं नव्हती, म्हणून एकच झाड वीसदा निवडलं. प्रादुर्भाव शंभर टक्के भरला. जास्वंदीची पातळी कुठल्याही पुस्तकात दिलेली नव्हती. आबांनी शेरा मारला: "मार्गदर्शन मागवावे." मग कोणाकडून मागवावे, या विचारात दुपार गेली.

जैविक उपाय

प्रेमराज भाऊंनी काडेपेटीतून सात लाल भुंगेरे आणले. ते किडी खातात. काडेपेटी उघडताच सातही प्रेमराज भाऊंच्याच घरी परत गेले आणि ट्यूबलाईटवर बसले.

रासायनिक उपाय

सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. बेबाबाई म्हणाल्या, "आबा, चुलानी राख टाका. मनी सासू तेच करे." पण चूल कॉलनीत कोणाकडे नव्हती. प्रेमराज भाऊंनी मोबाईलवर आलेला उपाय वाचून दाखवला: आंबट ताक, हिंग, आणि मूठभर कपडे धुण्याची पावडर. आबांनी दोघांनाही समजावलं की हे अशास्त्रीय आहे, आणि ते थेट कुंदनच्या कृषी केंद्रात गेले.

कुंदनने खुर्ची पुढे केली. आबांच्या शिफारशीवर त्याच्या वडिलांचं दुकान चाललं होतं.

"साहेब! बोला. किती एकर शे?"

"एक झाड."

"एकरी?"

"एकूण."

कुंदनने दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहिलं. गिऱ्हाइकांनी छताकडे पाहिलं.

"निंबोळी तेल द्या," आबा म्हणाले. "आणि पंप लागेल, भाड्याने."

इथे आबांची चूक झाली, आणि ती कपाशीच्या मुलखात उभा जन्म काढलेल्या माणसाकडूनच होऊ शकते. आबांना औषधाचं माप एकाच भाषेत येत होतं: पंधरा लिटरच्या पंपाला पंचाहत्तर मिली. कपाला किती, वाटीला किती, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि म्हणून त्यांना ठाऊकही नव्हतं. पंधराने भागायचं, एवढंच. पण तेहतीस वर्षांत त्यांनी पंप भागलेला नव्हता. म्हणून एका झाडासाठी त्यांनी पंधरा लिटर औषध कालवलं. ते नीट मिसळेना, वर तवंग आला, तेव्हा कोणी बघत नाहीसं पाहून प्रेमराज भाऊंची मूठभर पावडर त्यात घातली. ती मूठ प्रेमराज भाऊंची धरावी की आबांची, यावर नंतर वाद झाला. आबांची मूठ मोठी आहे.

पत्रिकेच्या तिसऱ्या घडीवर लिहिलंय: फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करावी, वारा पाहून करावी, कडक उन्हात करू नये. पंप बारा वाजता आला. बॅटरीवरचा होता. त्याचा जोर आबांना माहीत नव्हता. फवारणी करणाऱ्यांच्या मागे दहा पावलं उभं राहून ते सूचना करत आले होते. बटण दाबताच नळी सापासारखी उसळली, पहिली धार जास्वंदीवर, दुसरी चष्म्यावर, आणि तिसरी, चष्म्यातून काही दिसत नसल्यामुळे, सरळ भिंतीपलीकडे, वाळत घातलेल्या सगळ्या बिबड्यांवर.

"आबाऽऽ!" बेबाबाई ओरडल्या. "बठ्ठा बिबडा! बठ्ठा बिबडा कडू व्हई ग्यात! मनी पोरले दोंडाईचाले काय धाडू आते?"

"निंबोळी आरोग्याला चांगली असते," आबा म्हणाले.

हे वाक्य ते परत घेऊ शकले असते तर त्यांनी पेन्शनमधला एक हप्ता दिला असता.

जास्वंद भिजून निथळली, तरी पंपात चौदा लिटर उरलं. कालवलेलं औषध ठेवू नये, गटारात ओतू नये, हेही पत्रिकेत होतं. मग प्रेमराज भाऊंनी मनी प्लांट आणला. कोणी शेवंती आणली, कोणी गुलाब. खाली मोकळ्या जागेत कुंड्यांची रांग लागली. आबांचा आवाज परतला. त्यांनी पंप प्रेमराज भाऊंच्या पाठीला बांधला, दहा पावलं मागे उभे राहिले आणि सूचना करू लागले. "पानाच्या खालून! हात हलता ठेवा!" त्या दुपारी एक तास आबा पुन्हा नोकरीत होते, आणि खरं सांगायचं तर, त्या तीन आठवड्यांत ते एवढाच एक तास सुखात होते.

तिसऱ्या दिवशी कॉलनीत पानगळ झाली.

उन्हात तेल आणि साबण मिळून पानं भाजली होती. मनी प्लांट, शेवंती, गुलाब, सगळं तांबूस. फक्त बेबाबाईंची झाडं हिरवीगार होती, कारण रागाने त्यांनी एकही कुंडी खाली पाठवली नव्हती. जास्वंदीचं शेवटचं पान आबांच्या देखत पडलं. उरल्या सात काटक्या. आणि त्या काटक्यांच्या बेचक्यात, मेणाच्या अंगरख्यात सुखरूप, पांढरे पुंजके.

 प्रेमराज भाऊ नुसते म्हणाले, "आबा, एक विचारू? हे तुम्ही ऐंशी गावांत सांगितलं होतं ना?"

आबांना रात्रभर झोप आली नाही. मनी प्लांट दुसरा आणता येतो. पण हे झाड नऊ गावं पुष्पाबाईंच्या मांडीवर बसून आलं होतं. आणि एकोणीस दिवसांपूर्वी त्यांनी विचारलं होतं, "सांभाळाल ना?"

यांत्रिक उपाय

हा परिच्छेद घडीपत्रिकेतल्या उपायांत सगळ्यात आधी येतो आणि तो कोणी वाचत नाही. आबांनीही तो लिहिला होता तेवढाच. सकाळी त्यांनी ट्रंकेच्या तळातून पिवळा कागद काढला. एकच ओळ होती: *प्रादुर्भाव थोडा असल्यास कीड हाताने काढून टाकावी.*

हाताने.

आबांनी स्टूल घेतलं, भांडंभर पाणी, त्यात अंघोळीच्या साबणाचा बोट बुडेल इतका फेस, आणि आपला टूथब्रश. एकेक बेचकं. एकेक पुंजका. दोन तासांत एक काटकी झाली. कंबर धरली. कीड चिरडली की बोटाला गुलाबी चिकट रस लागतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. ऐंशी गावांतल्या कुणीतरी सांगितलं असतं, पण ऐंशी गावांत बोलले ते आबाच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या काटक्या. सुटलेली पिल्लं होतीच. भिंतीपलीकडून बेबाबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग वाटीत राख आणून भिंतीवर ठेवली. चुलीची नव्हती, उदबत्त्यांची, जमवलेली.

"मुंगीसकर्ता," त्या म्हणाल्या. "बुडाले टाका. मुंगी थांबनी म्हंजे हाई बी थांबस."

आबांनी गुपचूप टाकली. चिकट रसासाठी किडीला काटक्यांवर फिरवणाऱ्या मुंग्या थांबल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली नाही. काटकी जिवंत आहे की मेली, हे कळायला सालीला नख लावून पाहायचं असतं. आत हिरवं निघालं तर जिवंत. हे आबांना पक्कं माहीत होतं. नख लावायचं धाडस होईना.

विशेष सूचना

एकविसाव्या दिवशी रिक्षा थांबली. पुष्पाबाई पिशवी घेऊन वर आल्या. आबांनी वाक्य पाठ केलं होतं: "प्रतिकूल हवामानामुळे..." पण ते ऐकायला न थांबता पुष्पाबाई सरळ गॅलरीत गेल्या.

सात काटक्या. स्टूल. साबणाचं भांडं. झिजलेला टूथब्रश.

 मग वाकून त्यांनी मधल्या काटकीला अंगठ्याचं नख लावलं. आबांनी मान फिरवली.

"हिरवं आहे," पुष्पाबाई म्हणाल्या.

आबा स्टुलावर बसले. 

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मला वाटलं, कापूस आहे."

"माहीत आहे. बेबाबाईंचा रोज फोन होता." त्यांनी पिशवीत हात घातला. केळीचे वेफर निघाले, बाळाच्या पेढ्यांचं पुडकं निघालं, आणि तळातून ओलं फडकं निघालं. फडक्यात जास्वंदीची फांदी होती, दोन कोवळ्या पानांची.

"ही कुठून?"

"इथूनच. निघायच्या आदल्या दिवशी कापली होती. रावेरला कुंडीत लावली, मुळं धरली."

"पण ती तू बदली झाली की कापतेस."

"हो," पुष्पाबाई म्हणाल्या. "झाड तुमच्या ताब्यात देत होते. बदलीपेक्षा काय कमी आहे?"

हे आबांना लागायला हवं होतं. लागलं नाही. आबांनी फांदी हातात घेतली, उजेडाकडे धरली, चष्मा वर सरकवला. पान आणि देठ जिथे मिळतात तिथे, अगदी बारीक, खसखशीएवढं काहीतरी पांढरं होतं. आबांनी तोंड उघडलं. ओळख, नुकसानीचा प्रकार, पातळी, सगळं जिभेवर आलं.

त्यांनी तोंड मिटलं. स्टूल कठड्याशी ओढलं आणि टूथब्रश उचलला.

"आता काय दिसलं त्यात?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"कापूस," आबा म्हणाले.